गाडी न गेलेला रस्ता

लडाखमध्ये दादानं बांधलेला नवा रस्ता पाहायला सकाळी त्याच्यासोबत गेलो आणि हबकलोच. अजून एकही गाडी न गेलेलं काळंभोर डांबर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ चिरलं होतं.

"थंडीनं आक्रसलं," दादा उकिडवा बसत म्हणाला. "नागपूरच्या उन्हात टिकतं तसलंच कडक डांबर मी इथंही वापरलं रे. इथं मऊ हवं होतं."

वजनानं रस्ते फुटतात, एवढंच मला ठाऊक. नुसतं कडक असण्यानंही फुटतात?

दादा भेगेत बोट घालून चक्क रडत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमच्या घरात तशी पद्धतच नाही. माझा हात खिशात तसाच ताठ राहिला.