मांडीवरचं जाळं

गोंडपिपरीच्या बाजारात गोकुळाच्या टोपलीपुढे कोणी घासाघीस करत नाही. करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा ती तिथेच उद्धार करते. नवरा गरीब स्वभावाचा. तो तलावावर जातो, मासे आणतो आणि बोलायचं काम बायकोवर सोडतो. अशा बाईच्या पोटी जया जन्मली, जिला दिवसाला चार शब्द पुरत.

जया नऊ वर्षांची. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कागदावर ऑटिझम असं लिहून दिलं, आणि गावाने कागद न वाचताच तिला येडी ठरवलं. गर्दी झाली, हॉर्न वाजला, कोणी अचानक हात लावला की ती किंचाळायची, डोकं आपटायची. त्यावरचा इलाज मात्र डॉक्टरांच्या कागदावर नव्हता. गोकुळाच्या बापाचं, दादाजीचं, एक फेकायचं जाळं होतं, काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. म्हातारा गेल्यावर गोकुळा एकदा ते दुरुस्त करत बसली असताना जया हळूच त्याखाली शिरली आणि तीन तास गाढ झोपली. ते वजन अंगावर असलं की पोर शांत राहते, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून जाळं शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे जायचं. वास मारायचं, हे खरं आहे. पण तो वास बाजारात गोकुळाच्या अंगालाही येतो आणि तिने त्याबद्दल कधी कोणाची माफी मागितलेली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि गल्लीतली पोरं मामाकडे पांगली. शेजारची पोरगी जाताना सांगून गेली, मामाकडे चार दिवस. जयाने ते उचललं. सकाळी उठून पिशवी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "मामा. चार दिवस." आठवडाभर हेच चाललं. मामा होता आलापल्लीला, गोकुळाचा धाकटा भाऊ प्रफुल, लाकडाच्या डेपोत नोकरीला. तीन वर्षांत त्याने बोलावलं नव्हतं. गोकुळाने फोन लावला तर भावजय रीता म्हणाली, "बाई, या वक्ती तुमी एकट्याच या." ते ऐकून गोकुळाने त्याच दिवशी पोरीचे चार फ्रॉक पिशवीत कोंबले.

बसमध्ये चढताच कंडक्टरने नाक धरलं.

"हे जाळं आत नाई चालत. मागं डिक्कीत टाका."

"माह्या पोरीच्या मांडीवर राहीन ते. तुह्या मांडीवर नाई ठेवत मी."

"लोकायले वास येऊन राह्यला, बाई."

लोकांनीही री ओढली. गाडी सुटेना. शेवटी कंडक्टरने जाळं उचललं आणि स्वतःच डिक्कीत टाकून आला. आष्टीचा पूल येईपर्यंत जया बोटं चावत होती. पुलावर समोरून ट्रकने हॉर्न दिला आणि तिने खिडकीच्या गजावर डोकं आपटायला सुरुवात केली. मागून एक म्हातारा म्हणाला, "असं लेकरू घेऊन फिरावं कायले?" गोकुळाने त्याला विचारलं की तुला घेऊन कोण फिरून राह्यलं, अन् काऊन? मग तिने जयाला मांडीवर ओढलं आणि आलापल्लीपर्यंत आपलं सगळं अंग तिच्यावर दाबून बसली. गोकुळाच्या दंडावर पोरीच्या दातांचे वण उमटले. एवढ्या गाडीत कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आलापल्लीला उतरताना तिने कंडक्टरची पुरती हजेरी घेतली. तुझ्या तोंडात किडे पडतील इथपासून सुरू झाली, ती गाडी हलली तरी थांबली नाही. गाडी अहेरीकडे वळली, धूळ खाली बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की जाळं डिक्कीतच राहिलं.

प्रफुलच्या घरात कूलर घरघरत होता, मिक्सर चालू होता. जया दारातच कान दाबून खाली बसली आणि किंचाळू लागली. शेजारी कुंपणाशी जमले. रीताने मिक्सर बंद केला, पण तोंड चालू ठेवलं. "मी म्हटलं होतं न, बाई. उद्या माह्या माहेरचे येऊन राह्यले. तीनच्या गाडीनं घेऊन जा पोरीले."

"प्रफुल, तुही गाडी काढ. अहेरीवरून जाळं आणून दे."

प्रफुलने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "गेलं त गेलं. त्या घाणीसाठी मी स्टँडवर जाऊ?"

त्या घाणीवर तो बारावीपर्यंत शिकला होता. गोकुळाच्या तोंडाशी हे आलं, पण पहिल्यांदाच तिने ते गिळलं. तिला स्वतःचीच चीड आली होती. सकाळी तिचं तोंड वेळेत बंद झालं असतं तर जाळं आत्ता पोरीच्या अंगावर असतं. जया धापा टाकत अजून म्हणत होती, "मामा. चार दिवस."

तीन वाजता गोकुळा तिला कडेवर घेऊन स्टँडवर उभी राहिली. नऊ वर्षांची किंचाळती पोर, हात भरून आले. अहेरीहून तीच बस आली आणि दारात तोच कंडक्टर. त्याने गोकुळाला पाहिलं आणि दारातच उभा राहिला.

"सकाळी त माह्या तोंडात किडे पाडून राह्यली होती. आता काय पायजे?"

स्टँडवरचे लोक बघत होते. गोकुळाने जयाला खाली उतरवलं आणि हात जोडले. देऊळ सोडलं तर असे हात तिने कुठे जोडले नव्हते.

"जाळं द्या जी, भाऊ."

"ऐकू नाई आलं."

"जाळं द्या जी, भाऊ. चुकलं माह्यं."

एवढं वदवून घेतल्यावर तो खाली उतरला. डिक्की उघडून त्याने जाळं ओढलं आणि तिच्या पायाशी टाकलं. गोकुळाने ते तिथेच, फलाटाच्या फरशीवर, जयाच्या मांडीवर पसरलं. शिशाच्या गोळ्या एकेक करून खाली बसल्या. जयाने काठ मुठीत धरला. किंचाळणं थांबलं, मग धाप थांबली.

कंडक्टर परत दारात चढून घंटीची दोरी धरून बघत होता. त्याचा आवाज जरा उतरला. "गोंडपिपरीले जाते गाडी. चला, बसा. रिकामीच हाय."

गोकुळाने पदराने पोरीचं कपाळ पुसलं. मघाशी जोडलेले हात आता कमरेवर गेले.

"चार दिवसांनी येतो," ती म्हणाली. "तवा हे जाळं मांडीवरच राहीन. डिक्कीत तू बस."

गाडी गेली. तिने जाळं पोरीच्या खांद्यावर टाकलं, तिचं बोट धरलं आणि प्रफुलच्या घराकडे चालू लागली.