मातीचा क्रेट

मी नेमकं काय काम करते, हे वडिलांना सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी बारामतीच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकचे क्रेट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागले होते. "पोरगी मातीत प्लॅस्टिक कालवती," असं तात्या आमच्या सगळ्या वरकुटे गावाला सांगत. खरं तर उलटं होतं, पण त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडत नसे.

आमच्या रानातली काळी माती पाणी प्याली की फुगते. त्याच जातीची, धुऊन बारीक केलेली माती मी प्लॅस्टिकमध्ये मिसळून बघत होते. तिचा कण म्हणजे पापडांची चळत. ते पापड सुटे होऊन सगळीकडं पसरले, तर थोड्याशा मातीनंही प्लॅस्टिक ताठ होतं, उन्हात लवकर वाकत नाही. हेच पुढं शिकायला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला जागा मिळाली होती. तात्या हो म्हणत नव्हते.

"आदी तुजं काम डोळ्यांनी बगू दे. मंग पुण्याचं बोलू."

म्हणून टोमॅटोच्या तोड्याला मी माझे क्रेट घेऊन घरी आले. दुपारपर्यंत सगळं मनासारखं चाललं. बांधावर उन्हात भरलेल्या क्रेटच्या थप्प्या लागल्या. जुन्या, बिनमातीच्या क्रेटच्या थप्पीतले खालचे क्रेट पोट काढून बसले, माझे ताठ उभे होते. तात्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते दाखवले. इतकं कौतुक त्यांनी माझ्या निकालाचंही केलं नव्हतं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

ऊन उतरल्यावर टेम्पो भरायला सुरुवात झाली. आमच्याकडं क्रेट ठेवत नाहीत, आपटतात. खालच्या क्रेटच्या खाचेत तो धाडकन बसल्याशिवाय भरणाऱ्याचं समाधान होत नाही. जुने क्रेट जरा दबून तो मार खात. माझा पहिलाच क्रेट कोपऱ्यात तडकला, मग दुसराही. टोमॅटो टेम्पोखाली घरंगळले. ड्रायव्हर हसला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा जास्त राग आला.

तात्यांनी एक तुकडा उचलला. तुटलेल्या लाल कडेवर पांढरे ठिपके होते. "ह्ये काय हाय?"

"मातीच्या गुठळ्या. पापड सुटेच झाले नाहीत. मातीला पाण्याची ओढ, प्लॅस्टिकला पाण्याचं वावडं. दोघांचं सहजी जमत नाही. ताठपणा आला, पण मार सोसवेना. गुठळीपाशीच चीर सुरू होते."

"मंग त्या फोडायच्या कशा?"

"अजून नीट माहीत नाही. तेच पुण्यात शिकायचं होतं."

होतं, असंच म्हणाले मी. माझ्या लेखी तो विषय तिथंच मिटला होता.

टेम्पो गेल्यावर आम्ही दोघं खाली वाकून टोमॅटो वेचत राहिलो. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "पुण्याला कवा जायचं हाय?"

मला काही कळेना. "तात्या, क्रेट मोडला की."

"मोडला म्हणून तर. टिकला असता, तर म्हणलो असतो, झालं तुजं शिकून, आता ऱ्हा हितंच."