सौदामिनीबाईंनी गाळलेलं वाक्य

नांदेडच्या मुलींच्या शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या सौदामिनीबाई मुखेडकर दर जानेवारीत दोन आठवडे दुभाषी व्हायच्या. शहराबाहेर चर्चचा एक लहान दवाखाना होता. तिथं डेन्मार्कच्या एका चर्चमधून माणसं सेवेला यायची. जीपनं हदगावकडच्या खेड्यांत जायची, डोळे तपासायची, चष्मे द्यायची, अंगणवाडीच्या भिंती रंगवायची, पोरांशी खेळायची. बाईंच्या आईचं शेवटचं आजारपण त्याच दवाखान्यानं काढलं होतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांना नाही म्हणणं त्यांना जमलं नव्हतं. गल्लीत कुणी विचारलंच, "तुम्ही त्यांच्यात गेलात की काय?" तर त्या म्हणायच्या, "दोन भाषा येतात, म्हणून जाते."

पहिली काही वर्षं बरं वाटलं. मग थकवा यायला लागला. उन्हाचा नाही, बोलण्याचा. दिवसभर दुसऱ्यांचं बोलायचं आणि घरी आल्यावर नवऱ्याशी, वसंतरावांशी बोलायला तोंडात शब्द उरायचे नाहीत.

सगळ्यांत जड जायचं ते निरोपाचं बोलणं. जाणारे पाहुणे रडायचे, गळ्यात पडायचे आणि म्हणायचे, आम्ही परत येऊ. खोटं बोलायचे असं नाही, त्या वेळी त्यांना तसंच वाटत असायचं. पुढच्या जानेवारीत मात्र जीपमधून नवेच चेहरे उतरायचे. मग कुणी ना कुणी बाईंना धरायचं. केवळाबाई तर हमखास.

"ती उंच पोरगी कुठं हाय वो बाई? माझ्या चुलीम्होरं बसून भाकर थापली तिनं. येते म्हणली होती."

"कामात असेल," बाई सांगायच्या. पाहुण्यांचं उत्तर द्यायला पाहुणे तिथं नसायचे.

केवळाबाई एकट्याच राहायच्या. लेक कंधारला दिलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालेलं. एका वर्षी त्यांच्या ओसरीवर सिग्ने येऊन बसली. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली, तिकडं गावात बस चालवणारी बाई. इंग्रजी तिचंही मोडकंच. बाकीचे भिंत रंगवत होते, पण हिचे गुडघे दुखायचे, म्हणून ती केवळाबाईंसोबत बोंडांतला कापूस काढत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि बाईंना क्वचितच हाक मारायच्या.

निघायच्या दिवशी सिग्नेनं केवळाबाईंचे हात धरले आणि बराच वेळ बोलली. मग बाईंकडं वळून म्हणाली, "हिला सांगा, पुढच्या हिवाळ्यात मी येईन. दवाखान्यात नाही, हिच्याच घरी राहीन."

बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. सौदामिनीबाईंचं डोकं ठणकत होतं. पुढच्या जानेवारीतलं केवळाबाईंचं तोंड त्यांना आत्ताच दिसायला लागलं.

"ती म्हणते, तब्येतीला जपा. तुमची आठवण येईल."

केवळाबाई सिग्नेच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "एवढंच? लई येळ बोलली की ती."

"एवढंच," बाई म्हणाल्या आणि जीपकडं चालू लागल्या.

पुढच्या जानेवारीत दवाखान्याच्या फाटकातून सिग्ने आत आली. काठी टेकत, पण आली. "कशी हाय तू, बाई?" तिनं मराठीत विचारलं. वर्षभर मोबाईलवर शिकत होती.

गावात केवळाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारचे दगडोबा ओट्यावर बसले होते. "दिवाळीला लेक घेऊन गेली कंधारला. पाय गेले म्हातारीचे. जाऊ का नको करून राहिली होती लई दिवस. मग म्हणली, हितं कोण येणार हाय आता."

बाईंनी ते सिग्नेला जसंच्या तसं सांगितलं.

"पण मी येणार होते," सिग्ने म्हणाली. "तुम्ही तिला सांगितलंत ना?"

"नाही सांगितलं."

सिग्ने ओट्यावर बसली. "का?"

"दर वर्षी कुणीतरी म्हणतं. तुम्ही जाता. मी इथंच राहते, आणि ही माणसं मलाच विचारतात."

सिग्ने रागावली होती, मान लाल झाली होती. पण बोलली हळूच. "ते बोलणं माझं होतं. तुमचं नव्हतं."

"खरंय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी कंधारच्या बसमध्ये बसल्या. किल्ल्याच्या बाजूच्या वस्तीत नातीनं, पुनमनं, दार उघडलं. केवळाबाई बाजेवर होत्या. सिग्ने शेजारी बसली तशी तिचा पंजा हातात घेऊन म्हणाल्या, "मोटारवाली."

सौदामिनीबाई उभ्याच होत्या. "केवळाबाई, ही गेल्या साली येते म्हणाली होती. तुमच्या घरी राहते म्हणाली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

केवळाबाईंनी सिग्नेचा पंजा सोडला नाही. "कायतरी ऱ्हायलं हे मला ठावं होतं. ऱ्हायले असते मी अजून चार महिने त्या घरात." मग बाईंकडं नीट बघत म्हणाल्या, "तुमी लई दमल्या दिसता. बसा. पुनम, चहा टाक."

चहा पिता पिता बाईंना भिंतीला टेकूनच झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन कलतं होतं आणि त्या दोघी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कुणी त्यांना उठवलं नव्हतं.

सिग्ने उरलेले दिवस तिथंच राहिली. निघताना तिनं बाईंना बोलावलं. "तिला सांगा, पुन्हा येणं होईल की नाही, मला माहीत नाही."

बाईंनी तेवढंच सांगितलं.

"हाव," केवळाबाई म्हणाल्या. "मला बी ठावं न्हाई."

सिग्ने पुन्हा आली नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला प्रवास झेपेना. सौदामिनीबाईंनी दुभाष्याचं काम सोडलं. डॉक्टरांना आता होत नाही एवढंच सांगितलं. मात्र महिन्या-दोन महिन्यांनी त्या कंधारला जायला लागल्या.

"अगं, तिथं आपलं कोण आहे?" वसंतराव विचारायचे.

"केवळाबाई आहेत."

तिथं गेल्यावरही त्या फारसं बोलायच्या नाहीत. पुनम सिग्नेला फोन लावून द्यायची, मग म्हातारी आणि सिग्ने आपापल्या भाषेत काहीबाही बोलायच्या. बाई बाजेच्या पायथ्याशी पाय पसरून बसायच्या आणि परतीच्या बसला जागा मिळेल का, याचा विचार करायच्या.