‘न्हवं’ कापलं, त्याची गोष्ट

“साहेब, माझं ‘न्हवं’ कुठं घालवलासा?”

फोनवर सुरेखाताई होत्या, वारणानगरच्या कॉलनीत राहणाऱ्या. आदल्या संध्याकाळी आमच्या रेडिओवर त्यांचा आवाज लागला होता. मला वाटलं, कौतुकाचा फोन असणार. मी खुर्चीत जरा ऐसपैस बसलोही.

मी कोल्हापुरात ऑडिओ एडिटर आहे. आमचा एक कार्यक्रम असतो. आजच्या काळातली एक कविता वाचायची आणि ती आवडणाऱ्यांनी मनातलं बोलायचं. त्या वेळची कविता होती सगळ्यांना वाढून शेवटी उभ्याउभ्या चार घास खाणाऱ्या बाईची. फोन बायकांचेच आले. बहुतेकींनी सासूवर राग काढला.

लोक बोलतात तसंच्या तसं लावता येत नाही. ते ‘टाइट’ करावं लागतं, म्हणजे खोकला, अडखळणं आणि टेकू म्हणून येणारे शब्द कापायचे. आमच्याकडं अशा शब्दांचा राजा ‘न्हवं’, म्हणजे ‘ना’. ‘काल बाजारला गेलतो न्हवं, तर तिथं भावजी भेटलं न्हवं.’ सुरेखाताईंचं तर वाक्यावाक्याला चाललेलं.

मॅनेजर दारातूनच म्हणाले, “तीन मिनिटांत बसव.”

बसवलं. पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा बघत सगळी ‘न्हवं’ उडवली. ऐकायची तसदी घेतली नाही.

त्यात एक वाक्य होतं, ‘आमची सासू वाईट न्हवं.’ इथलं ‘न्हवं’ टेकू नव्हतं, ते ‘नाही’ होतं. रेडिओवर गेलं, ‘आमची सासू वाईट.’

फोन ठेवून मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. पुढं त्या म्हणत होत्या, ‘कवितेतली बाई म्हंजी तीच की. मला आधी वाढती आन् आपुन मागनं उभी ऱ्हाऊन खाती.’ वेळ भरला म्हणून हेही मी काढून टाकलं होतं. एवढ्या फोनांत एकटीच सासूच्या बाजूनं बोलली होती. ही चूक पुण्याहून आलेल्या माणसानं केली असती, तर त्याला मीच फाडून खाल्लं असतं. मी जन्मलो, वाढलो इथंच. मान वर करून कुणाकडं बघवेना.

मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, “एका शब्दासाठी काय एवढं? पुढच्या वेळी दिलगिरी टाकू.”

“सुरेखाताई सांगत होत्या, सासूबाई घर सोडून निघाल्यात, सर. मलकापूरला, लेकीकडं.”

“मग जाऊन ये बाबा.”

लॅपटॉप घेऊन वारणानगरला गेलो. आत्या, म्हणजे सासूबाई, भरलेली पिशवी पायाशी घेऊन बसल्या होत्या. सून रेडिओवर बोलणार म्हणून त्यांनी शेजारच्या बायकांना हौसेनं बोलावलं होतं. त्या सगळ्यांसमोर ते वाक्य लागलं.

मी हात जोडले. चूक माझी, तुमच्या सुनेची नाही, म्हणालो. मूळ रेकॉर्डिंग लावलं. आत्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. सुरेखाताई पदराचं टोक चावत उभ्या होत्या.

“ह्यो शबुद तुम्ही काढलासा?” आत्यांनी विचारलं.

“व्हय.”

“काढाय येतंय, तर आता घालाय बी येत आसंल की?”

सुरेखाताईंनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हण, असंच ते बघणं होतं. तसं म्हणायला हवं होतं का, अजून कळत नाही. पण एकदा त्यांना खोटं ऐकवून झालं होतं. दुसऱ्यांदा धीर होईना.

“येतंय,” मी म्हणालो. “पण हे घातलेलं न्हाय, आत्या.”

“आसंल,” म्हणाल्या आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडं निघाल्या. सुरेखाताई मागं धावल्या. मी लॅपटॉप मिटला.

पुढच्या कार्यक्रमात पूर्ण बोलणं लावलं, दिलगिरीसकट. मॅनेजर म्हणाले, “मिटलं बघ.” मी सुरेखाताईंना फोन केला.

“आत्यांनी ऐकलं?”

“न्हाय, साहेब. तिकडं मलकापुरात रेडिओ लागला की उठून भाईर जात्यात म्हणं.”

आता एकही ‘न्हवं’ मी ऐकल्याशिवाय कापत नाही. सुरेखाताईंना त्याचा काही उपयोग नाही.