ऑपरेशननंतर बघू

माझे बाबा तीस वर्षं पुण्याच्या एका कलामहाविद्यालयात युरोपातली चर्चेस शिकवत होते आणि युरोपात ते कधीही गेले नव्हते. त्यांना यात काही विनोदी वाटत नसे. मला वाटे, आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवत असे, कारण माझी जीभ पहिल्यापासून जरा जास्तच चालते. गॉथिक चर्चची उंच भिंत बाहेरून दिलेल्या दगडी टेकूंवर कशी तोलली जाते, हे ते मुलांनाच उभं करून शिकवत. दोन मुलं समोरासमोर हात उंचावून, तळव्यांना तळवे टेकवून कमान करायची आणि त्यांच्या पाठींना मागून आणखी दोघं रेटायची. मग बाबा मागच्यातल्या एकाला म्हणायचे, "तू बाजूला हो." कमान घसरायची, वर्ग हसायचा. हा प्रयोग त्यांनी माझ्या दहाव्या वाढदिवसाला आलेल्या मैत्रिणींवरही केला. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

मूळ चित्र म्हणावं असं त्यांनी एकही पाहिलेलं नव्हतं. आधी काळ्यापांढऱ्या स्लाइड्स, नंतर पुस्तकांतली छापील चित्रं. आता फोनवर सगळं दिसतं असं कोणी म्हटलं की चिडायचे. पडद्यावर बघितलं म्हणजे बघितलं नाही, असं त्यांचं ठाम मत. पण शिकवताना मात्र ते जणू तिथूनच सकाळच्या गाडीने परतले आहेत असं वाटायचं. आधी दगडातले संत खांबाला चिकटून होते, मग खांबापासून सुटले, मग जमिनीवर पाय टेकवून उभे राहिले आणि शेवटी रंगात उतरून आपल्याकडे बघायला लागले, असा काहीशे वर्षांचा इतिहास ते जेवता जेवता सांगत. आम्ही आमटी वाढून घ्यायचो.

आई गेल्यानंतर ते दादाकडे राहत होते. मागच्या सप्टेंबरमध्ये दादाचा फोन आला. मी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला, गुंगालिन नावाच्या उपनगरात राहते, एका सरकारी खात्यात कंत्राटावर आयटीचं काम करते. पुढच्याच महिन्यात बाबा सहा-सात महिन्यांसाठी माझ्याकडे यायचे होते. दादा म्हणाला, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. डावा डोळा जवळजवळ गेला आहे, उजव्यालाही सुरुवात झाली आहे. वर्षभर टिकेल किंवा चार महिन्यांतही जाईल. गेलेलं परत येत नाही.

"बाबांना काय सांगितलंस?"

"मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं. तूही तेच सांग. उगाच हाय खातील."

थोडा मोतीबिंदू होताही, त्यामुळे आपण अगदीच खोटं बोलत नाही अशी सोय आम्हाला मिळाली. आमच्या घरात ही रीतच आहे. आजीचा कॅन्सर आजीला सोडून सगळ्या बिल्डिंगला माहीत होता. मी एका शब्दाने विरोध केला नाही. उलट बाबा आले तेव्हा ऑपरेशन कधी करायचं या त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला मी चटकन म्हणाले, "पिकू दे की जरा. कच्चा असताना हात लावत नाहीत." हल्ली मोतीबिंदू पिकायची वाट कोणी बघत नाही हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळलं तेव्हा ती तडकली. "मम्मा, दॅट्स सो नॉट ओके. ही हॅज अ राइट टू नो."

"तुला नाही कळायचं," मी म्हणाले. स्वतःला कळत नसलं की मी हे वाक्य वापरते.

नोव्हेंबरमध्ये आम्ही सिडनीला गेलो होतो. तिथलं मोठं गॉथिक धाटणीचं चर्च बाबांना दाखवलं. नक्कल आहे, अलीकडची आहे, असं पुटपुटत ते आत शिरले आणि खांबांच्या रांगेत उभे राहून कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग मला हळूच विचारलं, "हा खांब मध्येच वाकलाय का गं?"

खांब सरळ होता. पडदा झिजला की सरळ रेषा वाकड्या दिसतात, हे मी रात्र रात्र वाचून काढलेलं होतं. मी म्हणाले, "चष्मा पुसा जरा." त्यांनी चष्मा पुसला. पाचच मिनिटांनी मी मुलीला विचारत होते की लंचला कुठे जायचं.

डिसेंबरात आमच्या शहरात युरोपातून आलेल्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. एप्रिलअखेरपर्यंत होतं. यादी मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होते, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "थांब. ते परत वाच." फ्लँडर्समधलं, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचं, एक लहानसं लाकडी फळीवरचं चित्र होतं. चित्रकाराचं नाव कुणालाच माहीत नाही. गॉथिक चर्चमध्ये बसलेली मेरी, मांडीवर मूल. बाबा हे चित्र दर वर्षी शिकवत. पर्स्पेक्टिव्हचा धडा त्याच्यावरच असायचा. त्यांनी दोन हातांनी हवेत पाटीएवढा चौकोन केला. "एवढंसंच आहे ते. आणि आत आख्खं चर्च मावलंय."

"चला, शनिवारीच जाऊ," मी म्हणाले.

"छे. आत्ता धुरकट दिसतंय. ऑपरेशननंतर बघू. इतकी वर्षं थांबलो, चार महिने काय जड आहेत?"

आत्ता जाऊ आणि नंतर परत जाऊ, असं मी सांगून पाहिलं. ते ऐकेनात. पहिली भेट स्वच्छ डोळ्यांनी व्हायला हवी, हा त्यांचा हट्ट. त्यांना तिथे न्यायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य माझ्याकडे होतं. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "सांगायचं तर सांग. पुढे त्यांना काही झालं तर निस्तरायचं तू." मी विषय तिथेच सोडला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत माझं कंत्राट वाढवून मिळणार की नाही याची धाकधूक होती, रोज आरव्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, मीटिंगा. बाबा बाल्कनीत बसून रेडिओ ऐकत. पेपर ते कधी वाचायचे थांबले हे माझ्या लक्षात आलं नाही. मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. त्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की बोलताना ते माझ्या चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघतात. कडेने बघितलं की थोडंफार दिसायचं, म्हणून. त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं ते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतःच म्हणाले, "ने मला. संपेल नाहीतर." ऑपरेशनचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मी सुट्टी टाकली. आम्ही ट्रामने शहरात गेलो, तिथून बसने. बाबांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, इकडे एप्रिलात थंडी सुरू होते म्हणून वर माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट.

तिसऱ्या दालनात ते चित्र होतं. खरंच पाटीएवढं. बाबांनी माझा हात सोडला आणि दोरीपाशी जाऊन उभे राहिले. सरळ बघितलं. मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. मग चित्र सोडून शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले, म्हणजे कडेने दिसेल. पुढे वाकले तेव्हा गार्ड म्हणाला, "जस्ट अ स्टेप बॅक, प्लीज, मेट." ते मागे सरकले.

"खाली फरशी दिसते," ते म्हणाले. वर्गातला आवाज होता तो, फक्त हळू. "काळी-पांढरी. उजवीकडे खांब आहे. वर खिडकीचा तुकडा. फरशीच्या सगळ्या रेषा चित्रकाराने मेरीच्या चेहऱ्याकडे नेल्यात बघ. पोरांना मी फळ्यावर पट्टीने आखून दाखवायचो." मग म्हणाले, "त्या जिथे जाऊन मिळतात तिथे मला काही दिसत नाही."

माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं,

"हा मोतीबिंदू नाही ना?"

"नाही."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही यायच्या आधीपासून. दादाला डॉक्टरांनी सांगितलं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे उलट उत्तरं भरपूर असतात. ते नुसते उभे होते, तोंड भिंतीकडे.

"डिसेंबरात मला पेपराचे मथळे वाचता येत होते," ते म्हणाले. "तेव्हा मी आलो असतो."

"तुम्हाला सहन झालं नसतं बाबा, म्हणून..."

"नसतंच झालं. रडलो असतो. पण हिला बघून घरी जाऊन रडलो असतो."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांना ते दिसत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आमच्या मागे चार-पाच माणसं येऊन थांबली होती. बाबांना त्यांची चाहूल लागली. त्यांनी चाचपडत माझं कोपर धरलं आणि मला बाजूला ओढलं.

"सरक," ते म्हणाले. "लोकांना दिसत नसेल."