तासाआड दिसणारा प्रिंटर

माझी थोरली बहीण शेवगावात मुलींसाठी अभ्यासिका चालवते. पोलीस भरतीच्या, तलाठ्याच्या परीक्षा देणाऱ्या मुली तिथे दिवसभर बसतात. मी घरूनच वायफायच्या कार्डांचे ड्रायव्हर लिहितो. म्हणजे संगणकाला ते कार्ड कसं वापरायचं हे शिकवणारा प्रोग्राम. गेल्या वर्षी एका नव्या कार्डाचं काम चालू होतं. ते बसवलेला लॅपटॉप मी ताईला दिला. म्हटलं, रोजच्या वापरात पारखला जाईल.

आठ दिवसांत तिचा फोन आला. "अरं, वायफायवरचा प्रिंटर लॅपटॉपात कधी दिसतोय, कधी न्हाई. मुलींना प्रश्नपत्रिका छापून द्यायच्यात."

"इंटरनेट चालतंय?"

"ते चालतंय की."

"मग प्रिंटरच बिघडलाय," मी ठामपणे सांगून टाकलं. तिने बिचारीने दुकानदाराला बोलावलं. त्याने प्रिंटर उघडून, पुसून परत ठेवला. फरक शून्य.

शेवटी मी तिच्याकडे गेलो. तिने चहाआधी एक वही पुढे केली. तीन दिवसांच्या नोंदी होत्या. नऊ ते दहा दिसला, दहा ते अकरा नाही, अकरा ते बारा दिसला.

"तासाआड जातोय," ती म्हणाली. "बिघडलेली वस्तू अशी घड्याळ लावून बिघडत न्हाई."

मी वही शेजारी उघडी ठेवली. मग लॅपटॉप उघडला आणि माझाच कोड वाचायला बसलो.

वायफायमध्ये प्रत्येक लॅपटॉपची राउटरशी स्वतःची वेगळी किल्ली असते. त्या दोघांमधलं बोलणं तिनेच कुलूपबंद होतं. शिवाय सगळ्यांची मिळून एक सामायिक किल्ली असते. 'मी प्रिंटर, मी इथे आहे' अशी सगळ्यांना द्यायची हाक राउटर त्या किल्लीने पाठवतो. ताईकडचा राउटर ही सामायिक किल्ली दर तासाला बदलत होता आणि नवी किल्ली आळीपाळीने एक नंबरच्या, मग दोन नंबरच्या जागी ठेवायला सांगत होता. माझा ड्रायव्हर मात्र ती दर वेळी एक नंबरलाच ठेवत होता. दोन नंबरची पाळी आली की लॅपटॉप रिकाम्या जागी किल्ली शोधायचा आणि हाक टाकून द्यायचा. इंटरनेट स्वतंत्र किल्लीवर बिनघोर चालू.

"ताई, प्रिंटर चांगला हाय. चूक माझी हाय."

मला वाटलं, आता दुकानदाराच्या हेलपाट्यावरून ऐकावं लागणार. ती फक्त म्हणाली, "सापडली ना? मग जेव आधी."

जेवून मी एक ओळ दुरुस्त केली. दुपारभर आम्ही दोघं तिथेच बसलो. दोन वाजून गेले, तीन वाजले, चार वाजले. प्रिंटर दिसतच राहिला. मुलींचे गठ्ठे छापून झाले.

हा कोड सगळ्यांना खुला असतो आणि त्यात दुरुस्ती पाठवताना चूक कुणी कळवली ते लिहायची आमच्यात रीत आहे. मी तिथे ताईचं नाव घातलं आणि तिला पडद्यावर दाखवलं. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे कोन कोन वाचनार?"

"जगभर हे काम करणारे सगळे."

"मग आडनाव सासरचं घातलंस ते बरं केलंस," ती म्हणाली, आणि घाईघाईने फोन काढून तिने त्या पडद्याचा फोटो दाजींना पाठवला.