वीस पावलांचा रस्ता

"तीन आठवडे तुझी आई दाराकडं डोळे लावून पडली होती, वहिनी! आणि आज गेली, तरी तू इथंच बसून राहणार?"

"दार कुणी बुजवलं? मी?"

"भिंतीतलं दार बुजलं. रस्ता नाही बुजला."

"रस्ता माझ्यासाठी सात वर्षांपूर्वीच बुजला, शेफिका. तुला कसं कळणार? तुला हॅट शोभते."

शेफिकानं डोक्यावरची हॅट काढून बैठकीवर आपटली. गिरणीत चाळीस बायका तिच्या हाताखाली. या एका भावजयीपुढं मात्र तिची मात्रा चालत नसे.

उमिहाना चुलीजवळ बसली होती. सन पन्नासमध्ये कायदा आला आणि बोस्नियातल्या बायकांचा झार, म्हणजे तोंडावर जाळी असलेला काळा बुरखा, गुन्हा ठरला. त्याच्याही आधी ट्राव्निक गावच्या सभागृहात एक सभा झाली होती. रागिबला, तिच्या नवऱ्याला, रेल्वेच्या साहेबानं बजावलं होतं : तुझी बायको पहिल्या रांगेत हवी. शेफिकानं वहिनीचा हात धरून तिला मंचावर नेलं. जाळी वर गेली, आणि तीनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. उमिहाना घरी येऊन तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी कामाला लागली, पण रस्त्यावर तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

मोहल्ल्याची जुनी सोय कामी आली. अंगणाअंगणांच्या भिंतींत छोटी दारं, बायकांना घरोघरी जाता यावं म्हणून. मागून वळसा घालून पाच अंगणं ओलांडली की आईचं घर. बाळंतपणं, बारशी, उसनं पीठ, सगळं त्या दारांतून. या वसंतात आईच्या अलीकडचं शेवटचं घर विकलं गेलं. नव्या मालकाला कोंबड्यांचं खुराडं बांधायचं होतं. त्यानं दार विटांनी बुजवलं. उरला फक्त समोरचा वीस पावलांचा रस्ता.

आई आजारी पडली तेव्हा उमिहाना रोज शेजारणीच्या हाती सूप पाठवायची. भांडं भरलेलंच परत यायचं.

"मशिदीतला होजासुद्धा सांगतो," शेफिका म्हणाली, "डोकं झाकलं की पुरे. तोंड उघडं चालतं."

"होजाला मी विचारलं होतं? घर रागिबचं, भांडी सासूबाईंची. माझं तोंड कुणाला दाखवायचं, एवढंच काय ते माझं होतं. तेही टाळ्या वाजवून काढून घेतलंत."

"आम्हाला वाटलं, तू मोकळी होशील."

"झाले की! पाच अंगणांत मोकळी."

"टोमणे नंतर मार. तिसऱ्या प्रहरी जनाजा निघायचाय."

"निघू दे. तिला आता डोक्यापासून पायापर्यंत झाकून नेतील, भर रस्त्यातून. अडवायचं सोडून शिपाईच टोपी काढून उभा राहील. झाकून जायचं तर या गावात बाईला मरावंच लागतं."

शेफिका चुलीजवळ येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "आणि जनाजाआधी न्हाऊ कोण घालणार तिला? तू असताना परक्या हातांनी?"

चुलीवरची कॉफी उतू गेली. दोघींपैकी कुणीच ती उतरवली नाही.

"कोण आलंय तिथं?" उमिहानानं विचारलं.

"न्हाऊ घालणारी झुमरा आणि तिची सून. पाणी तापलंय. तुझ्यासाठी थांबल्यात."

उमिहाना उठली. पांढरा रुमाल डोक्यावर घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. मग जोडे शोधू लागली. बाहेरचे जोडे तिच्याकडं नव्हतेच. सात वर्षांत लागलेच नव्हते. तिनं अंगणातल्या लाकडी खडावा पायांत सरकवल्या.

"मी पुढं चालते," शेफिका घाईनं म्हणाली. "कुणी बघू नये म्हणून आडोशाला..."

"नको. मागून ये."

मोठ्या दरवाजाची कडी गंजून घट्ट बसत असे. उमिहानानं दोन्ही हातांनी ती हिसडली.

"वहिनी, त्या दिवशी मी तुला नेलं नसतं, तर दादाची नोकरी गेली असती. ठाऊक आहे ना तुला?" शेफिकाचा आवाज चिरकला. "अजून राग आहे माझ्यावर? वहिनी, सांग तरी!"

कडी निघाली. उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर खडावा वाजल्या, आणि उमिहाना उघड्या तोंडानं, मान खाली न घालता, आईच्या घराकडं चालू लागली.